पाच चेंडूंची ओव्हर

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत जेवढं म्हणून लोखंड पडलेलं आहे, त्यात आमच्या दाजींइतकी सरळ कांब शोधून सापडायची नाही. हे मी मेहुणा म्हणून सांगत नाही. दाजींचं कौतुक करायची हौस कुठल्याच मेहुण्याला नसते, आणि मला तर त्यांच्या सरळपणाचे चटके इतरांपेक्षा चार जास्तच बसलेत. पण खरं ते खरं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भोसरी गावातलं जुनं शेतकरी घर. शेताच्या जागी वर्कशॉपं उभी राहिली तेव्हा दाजी त्यातल्याच एकात इन्स्पेक्टर म्हणून चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. इन्स्पेक्टर म्हणजे तयार झालेला माल तपासणारा माणूस. त्याच्या हातात एक गेज असतं. गेजला दोन तोंडं, एक 'गो' आणि दुसरं 'नो-गो'. पार्टच्या भोकात 'गो' जायलाच पाहिजे आणि 'नो-गो' कुठल्याही परिस्थितीत जाता कामा नये. एवढं जमलं तर माल पास, नाहीतर त्यावर लाल रंगाचा ठिपका आणि रवानगी भंगारात. 'चालून जाईल', 'उन्नीस-बीस होतंच राव', असले शब्द त्या टेबलावर चालत नसत. दाजींनी पुढं हेच गेज साऱ्या संसाराला लावलं, एवढंच काय ते झालं.

ताईला बघायला ते आमच्या दापोडीच्या दोन खोल्यांत आले होते, तो प्रसंग मला अजून आठवतो. ताई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली तेव्हा नवरामुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. आमच्या आजोबांचा फोटो तिरका लागलेला होता आणि तो बघून दाजींना पोहे, मुलगी, काही सुचेना. खिशातनं पट्टी काढून त्यांनी दोन्ही बाजूंनी माप घेतलं, खिळा जरासा वाकवला आणि मगच वळून ताईकडे बघितलं. तिला एकच प्रश्न विचारला, "ह्यो फोटू कवापासनं आसा हाय?" ताई म्हणाली, "पहिल्यापासून." दाजींनी मान हलवली. रात्री वडील आईला म्हणाले, पोरगा विक्षिप्त आहे पण व्यसनी दिसत नाही, देऊन टाकू. लग्नानंतर महिन्याभरात ताईच्या लाटण्यावर लाल ठिपका पडला, कारण ते एका टोकाला अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जाड होतं. "एक दिवस माझ्याच कपाळावर मारतील," असं ताई तेव्हापासून म्हणते आणि त्याच लाटण्यानं पोळ्या लाटते.

या माणसाला क्रिकेटचा नाद होता, असं सांगितलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही. पण तरुणपणी दाजी टेनिस बॉलच्या मॅचेसमधले नावाजलेले डावखुरे बॉलर होते. मोशीपासून आळंदी रोडपर्यंत कुठंही टूर्नामेंट असली की त्यांना बोलावणं यायचं. हे सगळं संपलं ते एका सेमीफायनलमध्ये. शेवटच्या चेंडूवर दाजींनी समोरच्याची दांडी उडवली, पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं, आणि खांद्यावरूनच दाजी पंचाला म्हणाले, "नो बॉल द्या. पाय पुढं व्हता माझा." पंचानं बघितलं नव्हतं, बॅट्समन निम्म्या रस्त्यावर पोचला होता, त्यालाही तक्रार नव्हती. दाजींनी त्याला हाताला धरून परत आणला. मॅच गेली. महिनाभर संघातलं कुणी त्यांच्याशी बोललं नाही, आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की याला पंच करून टाका, म्हणजे निदान दोन्ही संघांचं सारखंच नुकसान होईल.

तेव्हापासून तीसेक वर्षं दाजी पंच आहेत. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे मॅचेसही गुरुवारच्या. बाकीचे पंच टोपी घालून येतात आणि उभे राहतात. दाजी सकाळी साताला मैदानावर येतात. नवा चेंडू एका लोखंडी कडीतून पार करून बघतात. अडकला तर लाल ठिपका. क्रीझ दोरी लावून आखतात आणि चुन्याची फक्की स्वतःच्या हातानं टाकतात. स्टंपांची फ्रेम त्यांनी स्वतः बनवून घेतलेली आहे. खाली लोखंडी पाट, त्यात तीन दांड्या, आणि पाटाला आवळणारे चार नट. ते आवळायचा पाना त्यांच्या मागच्या खिशात असतो. कडक मैदानात दांडी रोवता येत नाही म्हणून ही सोय.

एकदा उद्घाटनाला एका कंपनीचे मोठे साहेब आले होते. आपल्याकडे पद्धत अशी की पाहुण्यांनी बॅट धरायची, कुणीतरी हळूच चेंडू टाकायचा, साहेबांनी तो ढकलायचा आणि टाळ्या. त्या दिवशी साहेबांच्या बॅटला चेंडू लागला नाही, स्टंपला लागला. साहेब हसले, फोटोवाला हसला, दुसरा चेंडू टाकायला बॉलर मागं निघाला. दाजींनी बोट वर केलं. "साहेब, आऊट झालाय तुमी." लोकांना वाटलं गंमत. दाजींचं बोट खाली येईना. शेवटी साहेब बॅट काखेत मारून निमूट तंबूकडे चालते झाले आणि टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना.

आता या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्यामुळे पुढचं रामायण घडलं. ओव्हरचे चेंडू मोजायला कुणी खडे वापरतं, कुणी क्लिकर. दाजींकडे सहा पितळी नट होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ते वर्कशॉपात स्वतः बनवून घेतले होते, स्टंपच्या फ्रेमला बसतात त्याच मापाचे. ओव्हर सुरू होताना सहाही नट डाव्या खिशात. एक चेंडू पडला की एक नट उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की "ओव्हर!" पुढची ओव्हर उजवीकडून डावीकडे. आणि दाजींच्या मॅचमध्ये दुसऱ्या कुणी मोजायचं नाही. बॅट्समननं "किती राहिले?" विचारलं तर तंबी, प्रेक्षकांतून कुणी "लास्ट बॉल!" ओरडलं तर खेळ थांबवून त्याच्याकडे एक नजर. मी गेली आठ वर्षं त्यांचा स्कोअरर आहे. तळवड्याच्या ऑफिसात मी आठवडाभर कॉम्प्युटरवर आकडे बघतो, पण दाजींना मोबाईलवरचा स्कोअर चालत नाही, म्हणून गुरुवारी लांब वही आणि पेन. पहिल्याच मॅचला मी चौथ्या चेंडूनंतर सहज चार बोटं वर केली होती. दाजी सीमारेषेपर्यंत चालत आले. रागावले की ते मला पाव्हणं म्हणतात. "पाव्हणं, मोजनारा मी हाय. तुमी फकस्त ल्ह्या." तेव्हापासून मी फक्त लिहितो.

तर यंदाची फायनल. एका बाजूला भोसरीचा संघ, दाजींच्याच जुन्या वर्कशॉपातली पोरं. दुसऱ्या बाजूला चाकणच्या एका प्लँटमधले कंत्राटी कामगार. कुणी लातूरचा, कुणी बीडचा, कुणी थेट नांदेडचा. प्लँटमधली त्यांची लाइन महिनाअखेर बंद होणार होती आणि सगळ्यांचं कंत्राट त्याबरोबरच संपणार होतं. त्यानंतर कोण गावाला जाईल, कोण दुसऱ्या कंपनीच्या गेटवर उभा राहील, त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. हा संघ पुन्हा एकत्र खेळणार नाही हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा कप्तान लातूरकडचा, तिशीतला, कमी बोलणारा. टॉसच्या वेळी तो दाजींना म्हणाला होता, "काका, कप मिळाला तर आमच्याकडं ठेवायला कपाट नाही, पण एक फोटो पायजे सगळ्यांचा कपासंगट."

आठ-आठ ओव्हरची मॅच. भोसरीनं एकाहत्तर केले. चाकणचा डाव सुरू झाला आणि चौथ्या ओव्हरच्या तिसऱ्या चेंडूवर एक चोरटी धाव निघाली. फील्डरनं फेकलेला चेंडू बॉलरच्या बाजूच्या स्टंपवर थाडकन आदळला. बॅट्समन पोचला होता, पण फ्रेम डुलायला लागली. एक नट उडून गवतात गेला होता. चार-पाच जण वाकून गवत धुंडाळू लागले. तेवढ्यात मैदानाच्या कडेनं पाण्याचा टँकर शिरला, त्याच्यावर आरडाओरडा झाला. दाजींना खेळ थांबलेला सोसत नाही. त्यांनी मागच्या खिशातनं पाना काढला, उरलेल्या चेंडूंच्या, उजव्या खिशातनं एक नट काढला, फ्रेम आवळली आणि हात वर केला, चला. नंतर कुणीतरी गवतातला नट शोधून त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी न बघता पडलेल्या चेंडूंच्या, डाव्या खिशात टाकला. आणखी दोन चेंडू पडले. "ओव्हर!"

मी वहीत बघितलं. चौथ्या ओव्हरच्या चौकटीत पाचच नोंदी होत्या. मी मान वर केली. दाजी टोपी सारखी करत दुसऱ्या टोकाच्या स्टंपकडे चालले होते. माझा हात अर्धा वर गेला आणि तिथंच थांबला. मी पुन्हा मोजलं, पाच. टँकरच्या गडबडीत माझ्याकडून एखादा चेंडू लिहायचा राहिला असणार. दाजी कसे चुकतील? पुढचा चेंडू पडायच्या आत मी घाईघाईनं पाचव्या नोंदीपुढे एक टिंब दिलं. टिंब म्हणजे चेंडू पडला, धाव नाही. सहा झाले. माझ्या डोळ्यांपेक्षा माझा दाजींच्या खिशावर जास्त विश्वास होता, आणि त्याहून जास्त, खोटं कशाला बोलू, मी त्यांना भीत होतो.

चाकणच्या सत्तर धावा झाल्या. एका धावेनं हरले ते. शेवटच्या चेंडूला पळताना पडलेला त्यांचा कप्तान कोपराला माती लागलेली तशीच घेऊन दाजींकडे आला आणि हात मिळवून म्हणाला, "काका, अंपायरिंग एक नंबर." मी वही मिटली. प्रमुख पाहुण्यांना त्या दिवशी जमलं नव्हतं म्हणून बक्षीस समारंभ पुढच्या गुरुवारी ठेवला होता. त्याच कार्यक्रमात दाजींचा सत्कार होणार होता, तीस वर्षांच्या निर्दोष पंचगिरीबद्दल. 'निर्दोष' हा शब्द बॅनरवर छापून आला होता.

रविवारी सकाळी दाजींचा फोन आला, "वही घिऊन ये." एवढंच. मी गेलो तर दाजी ओट्यावर बसले होते. पुढ्यात स्टंपची फ्रेम, तेलाची बाटली, फडकं. मॅचनंतर फ्रेम खोलून पुसायची आणि पुन्हा जोडायची हा त्यांचा नेम. फ्रेमचे चार नट त्यांनी जमिनीवर ओळीनं मांडले होते. तीन लोखंडी होते आणि चौथा पितळी. त्याच्या शेजारी त्यांच्या खिशातले सहा, पाच पितळी आणि एक लोखंडी. ताई दारात उभी होती. ती खुणेनंच मला म्हणाली, सकाळपासून असेच बसलेत.

"चौथी ओव्हर काढ," दाजी म्हणाले.

मी वही उघडून दिली. त्यांनी चष्मा लावला आणि चौकटीवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग परत पहिल्यापासून. मला वाटलं, आता सुटकेचा श्वास सोडतील. मीसुद्धा सोडायच्या तयारीत होतो.

"सहा हायत," ते म्हणाले. "मंग ह्यो माझा नट हितं कसा?"

मी वहीचं पान उगाच सरळ केलं.

"दोन मापं जुळत न्हाईत. नट म्हनतोय पाच, वही म्हनतीय सहा." त्यांनी चष्मा काढला. ते माझ्याकडं बघत नव्हते, त्या नटांकडंच बघत होते. "वही काय खोटं बोलनार न्हाई. म्हंजी सहा टाकलं आन् मी पाच नटात सहा मोजलं. कसं मोजलं ते मला आठवंना. सकाळधरनं आठवतोय, आठवंना. ताई तुझी म्हनतीच, परवा चावी बी इसरलो व्हतो." लोखंडी नट बोटानं बाजूला सारून ते म्हणाले, "डोस्कं जाया लागलं आसंल तर आता हुभं ऱ्हाऊ नये मानसानं. गुरवारी सत्कार झाला की बंद करतो."

मी आत्तापर्यंत दाजींना रागावलेलं बघितलं होतं, हटून बसलेलं बघितलं होतं. घाबरलेलं बघितलं नव्हतं. एका टिंबामुळे हा माणूस स्वतःच्या डोक्यावर लाल ठिपका मारायला निघाला होता. बोललो तर तीस वर्षांतली पहिली चूक त्यांच्या पदरात पडणार, नाही बोललो तर ते स्वतःला वेडा समजून घरी बसणार.

"दाजी, सहावं टिंब माझं आहे."

ताईनं कपाळाला हात लावला. दाजी माझ्याकडे बघत राहिले.

"का?"

"तुम्ही चुकणार नाही, असं वाटलं."

मला वाटलं, आता गल्ली गोळा होणार. पण त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "आरं, पंच चुकनारच न्हाई तर मंग स्कोअरर कशाला बशिवत्यात?" ते म्हणाले. "तुला काय टेबल राखाया बशिवला व्हता?"

मी धीर करून म्हटलं, "पण दाजी, नियम आहे ना. पंचानं चुकून पाच मोजले तरी ओव्हर ती ओव्हर. तुम्हीच शिकवलंय."

"तो नियम खेळ पुढं चालावा म्हनून हाय. मला वाचवाया न्हाई." दाजी उठले, कपाटातनं पंचाची पांढरी टोपी काढली आणि लाल रंगाची डबी. टोपीच्या बरोबर मधोमध एक ठिपका मारला आणि ती वाळत ठेवली. मग दाजी म्हणाले, "गाडी काढ."

चाकणला जाताना मी स्कूटर चालवत होतो आणि दाजी मागं बसले होते. मोशीच्या सिग्नलला मी पांढऱ्या पट्ट्याच्या जरासा पुढं थांबलो. एरवी त्यांनी मला गाडी मागं घ्यायला लावली असती. त्या दिवशी ते काहीच म्हणाले नाहीत आणि मला चाकणपर्यंत धास्ती वाटत राहिली.

कंपनीमागच्या गल्लीत पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. एका खोलीत चाकणच्या संघातले चौघंजण होते, दोघं शिफ्ट करून येऊन आडवे झालेले, एकजण खिचडी टाकत होता. कप्तान बॅग भरत बसला होता. आम्हाला बघून तो गडबडीनं उठला, चटई झटकली. दाजी बसले नाहीत. दारातच उभे राहून त्यांनी सांगितलं, चौथ्या ओव्हरला पाचच चेंडू पडले, माझा नट फ्रेमला गेला, चूक माझी. वहीतलं टिंब माझं होतं, हे मी सांगितलं.

आडवा झालेला एकजण ताडकन उठून बसला. "एका रननं हरलोत आपण! आन् आता येऊन सांगायलेत?" खिचडीवाला म्हणाला, "दोन गडी गेलेबी गावाला." दाजी मान खाली घालून उभे. मला वाटलं, प्रकरण हातघाईवर येतंय. कप्तानानं हातानंच सगळ्यांना थांबवलं.

"मला ठाऊक होतं, काका," तो म्हणाला. "मीच होतो की स्ट्राइकला. मोजले होते मी. पाचच झाले होते."

दाजींनी मान वर केली. "मंग बोलला का न्हाईस?"

"तुमच्या मॅचमधी मोजायचं नसतं ना काका. मला वाटलं माझंच चुकलं आसंल. तुमी कामून चुकताल?"

दाजींनी दाराची चौकट धरली आणि मग ते त्या चटईवर बसले. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही, कारण हेच वाक्य तासाभरापूर्वी मीही त्यांना ऐकवलं होतं. मग ते म्हणाले, "गुरवारी या. एक चेंडू राह्यलाय तुमचा."

गुरुवारी मैदानावर मांडव होता, बॅनर होता, टेबलावर कप होता, आणि दाजी लाल ठिपक्याची टोपी घालून पीचवर उभे होते. वर्कशॉपातल्या पोरांना त्या ठिपक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. चौकशी सुरू झाली, कुजबुज वाढली. दाजींनी भोसरीच्या कप्तानाला सगळं सांगितलं. तो चिडला. त्याचंही बरोबर होतं. "दाजी, नियमानं ओव्हर संपली. कप आमचा आहे. एक चेंडू आता कुठनं आणायचा?"

"व्हय, नियमानं कप तुमचाच हाय," दाजी म्हणाले. "मी हुकूम करत न्हाई, मागतोय. न्हाई म्हनलास तर माझं काय बी म्हननं न्हाई."

दाजींना मागताना त्या मैदानानं पहिल्यांदाच बघितलं. मग त्या चौथ्या ओव्हरचा बॉलर, वर्कशॉपात लेथ चालवणारा गडी, पुढं झाला. "ओव्हर माझी होती. अर्धवट काम मलापण नको. टाकतो, दाजी." कप्तानानं हात झटकले आणि फील्ड लावायला गेला. दाजींनी सगळ्यांना समजावून सांगितलं, हा एकच चेंडू. एक धाव निघाली तर बरोबरी, दोन निघाल्या तर कप चाकणला. नॉन-स्ट्रायकर गावाला गेलेला होता, त्याच्या जागी खिचडीवाला उभा राहिला. पाहुणे खुर्चीतून उठून मांडवाच्या कडेला आले. मी वही उघडली, चौथ्या ओव्हरमधलं माझं टिंब खोडलं आणि पेन धरून बसलो.

बॉलर धावत आला. दाजी वाकून रेषेकडे बघत होते. पाय मागं होता. चेंडू पायात पडला आणि लातूरकरानं तो असा काही उचलला की सगळं मैदान 'अरे!' म्हणून उठलं. चेंडू लाँगऑनवर उंच गेला. खाली भोसरीचा एक उंच पोरगा सीमारेषेला पाठ लावून मागं मागं सरकत होता. त्यानं हात वर केले, चेंडू हातात आला, त्याचा तोल गेला, पाय रेषेशी घासला आणि तो पुढं कोसळला. "आऊट!" एका बाजूनं आरोळी. "सिक्स! पाय लागला!" दुसऱ्या बाजूनं. दोन्हीकडची पोरं तिकडं धावली.

दाजी चालत निघाले. त्यांनी वाटेत एकदाही मान वळवली नाही. मला त्यांच्या मनातलं दिसत होतं असं मी म्हणणार नाही, पण माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. द्या सिक्स, दाजी. कोण बघतंय? एक चेंडू त्यांचा गेला होता, फिरून येऊ द्या. तुमचंही ओझं उतरेल, माझंही. मी हे जवळजवळ तोंडानं पुटपुटत होतो.

दाजी सीमारेषेपाशी उकिडवे बसले. फक्की त्यांनीच सकाळी टाकली होती. त्यांनी बुटाची खूण बघितली, रेष बघितली, पट्टी काढून मधलं अंतर बघितलं. पुन्हा बघितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. मैदान एवढं शांत झालं की हायवेवरच्या ट्रेलरचे हॉर्न ऐकू यायला लागले. दाजींनी लातूरकराकडे बघितलं. त्यांचे डोळे भरलेले होते. बोट वर गेलं. "येक सूत आत हाय पाय," ते म्हणाले. "आऊट."

खिचडीवाल्यानं बॅट जमिनीवर आपटली. कप्तान मात्र दाजींजवळ आला, खाली वाकून त्यानंही रेष बघितली आणि मान हलवली. "आऊटच हाय, काका," तो म्हणाला. "आता हरलोत आमी. त्या दिवशी वाटत नव्हतं हरलो म्हणून." मी वहीत चौथ्या ओव्हरची सहावी नोंद केली. या वेळी खरी.

सत्कार झाला. शाल, नारळ, पाहुण्यांचं भाषण. दाजींना बोलायला लावलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "येक चेंडू कमी पडला व्हता, आज पुरा झाला," आणि खाली बसले. भोसरीच्या पोरांनी कप घेतला, आणि मग त्यांच्याच कप्तानानं तो चाकणच्या नऊ जणांच्या हातात दिला. "फोटो काढा, भावांनो." तो फोटो मीच काढला. मधोमध लातूरकर आहे, आणि त्यानं ओढून आणलेले दाजी, ठिपक्याची टोपी काढून हातात घेतलेली. निघताना लातूरकरानं दाजींकडे एक मागणं केलं. दाजींनी पाना काढला, फ्रेमवरचा पितळी नट सोडवला आणि त्याच्या हातावर ठेवला. त्याच्या जागी नवा लोखंडी नट बसवला आणि नेहमीपेक्षा दोन आटे जास्तच आवळला.

आता तो संघ कुठं कुठं विखुरला आहे. लातूरकराचा कधीमधी फोन येतो, सध्या तो दुसऱ्याच कुठल्या कंपनीत आहे आणि तिथं क्रिकेटचा संघ नाही म्हणतो. दाजी बंद झाले नाहीत. दर गुरुवारी सकाळी साताला मैदानावर असतात, दोरी लावून क्रीझ आखतात, चेंडू कडीतून पार करतात. खिशात पाच पितळी आणि एक लोखंडी नट असतो. टोपीवरचा ठिपका धुऊन धुऊन गुलाबी झालाय, ताईनं नवी टोपी आणून दिली तरी घालत नाहीत.

एक मात्र बदललं. खिसा रिकामा झाला की दाजी लगेच "ओव्हर" म्हणत नाहीत. आधी माझ्या टेबलाकडे वळतात आणि सगळ्या मैदानासमोर मोठ्यानं विचारतात, "किती झालं रं?" मी वहीत बोट फिरवतो, मोजतो आणि सहा बोटं वर करतो. मग ते मान हलवतात, मगच ओव्हर. हे बरोबर आहे, असंच पाहिजे, स्कोअरर त्याचसाठी असतो. सगळं कळतं मला. पण पाव्हणं म्हणून माझ्यावर डाफरत सीमारेषेपर्यंत चालत येणारा तो माणूस मला फार आवडायचा. दर सहा चेंडूंनी मी बोटं वर करतो आणि दर वेळी वाटतं, एकदा तरी त्यांनी विचारू नये.